कोनी आयलंड मेलं कशाने, आणि परत उभं राहिलं ते कितपत खरं

काका, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत मुलीबरोबर न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला, ब्रुकलिन भागातल्या त्या समुद्रकाठच्या पाळण्यांच्या जागी, गेलात, सगळ्या पाळण्यांना कुलपं, दुकानांची शटर खाली, समुद्रावरून बोचरा वारा, नेथन्समध्ये एकेक हॉटडॉग खाल्लात आणि परत ट्रेनमध्ये बसलात. आणि आता विचारताय की या जागेचं पुनरुज्जीवन झालं असं तर सगळीकडे वाचलं होतं, मग हे काय? एवढी गाजलेली जागा मेली कशाने, आणि खरंच जिवंत झालीय का नुसता वरून रंग मारलाय?

मी शहर नियोजनात आहे, गेली १९ वर्षं ब्रुकलिनमध्ये. माझं रोजचं काम म्हणजे झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे शहराचे नियम) आणि छोट्या दुकानदारांचे भाडेकरार. कोनी आयलंडवर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आधी फेब्रुवारीचं सांगते. तिथला सीझन मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला उघडतो, तोही फक्त शनिवार-रविवार. साधारण मे महिन्याच्या शेवटापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत रोज चालू, मग परत शनिवार-रविवार, आणि ऑक्टोबर संपला की बहुतेक सगळं बंद. म्हणजे तुम्ही जत्रा उठल्यावर गावात गेलात. त्यावरून जत्रा चांगली की वाईट ते ठरवता येत नाही. पण तुम्ही जे रिकामे प्लॉट आणि जाळीची कुंपणं बघितलीत ती थंडीमुळे नव्हती, ती जूनमध्येही तशीच दिसतात, आणि तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. माझ्या मते कोनी आयलंड मेलं की जिवंत हा प्रश्न गर्दीचा नाहीच, तो जमिनीचा आहे. पाळण्याखालची जमीन कोणाची, आणि पाळणेवाल्याला ती किती वर्षांसाठी मिळालीय. बाकी सगळं यातून निघतं.

थोडा इतिहास सांगावाच लागेल. १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यूने तिथे स्टीपलचेस पार्क काढलं, लोखंडी रुळांवरून धावणारे यांत्रिक घोडे हे त्याचं मुख्य आकर्षण. १९०३ मध्ये लूना पार्क आलं, लाखो विजेच्या दिव्यांचं, ज्या काळात बऱ्याच लोकांच्या घरी वीज नव्हती त्या काळात. १९०४ मध्ये ड्रीमलँड. तीन मोठी पार्कं शेजारी शेजारी. (इथेच डॉक्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्टिन कूनी यांनी दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांमध्ये ठेवून दाखवली. बघणाऱ्यांकडून तिकीट घ्यायचं आणि आईबापांकडून एक पैसा घ्यायचा नाही. हॉस्पिटलं या बाळांची आशा सोडून द्यायची तेव्हा इथे १९०३ ते १९४३ हजारो बाळं वाचली. मला हे आठवलं की अजूनही भरून येतं.) मग १९२० च्या सुमारास सबवे समुद्रापर्यंत पोचली आणि ५ सेंटच्या तिकिटात गावातला गरिबातला गरीब माणूस वाळूवर येऊन बसायला लागला. १९१६ मध्ये नेथन हँडवर्करने ५ सेंटला हॉटडॉग विकायला सुरुवात केली होती, शेजारचा मोठा फेल्टमन १० सेंट घ्यायचा. १९२० मध्ये वंडर व्हील, १५० फूट उंच आकाशपाळणा. १९२३ मध्ये बोर्डवॉक, समुद्राकाठचा लाकडी फळ्यांचा रुंद रस्ता. १९२७ मध्ये सायक्लोन हा रोलर कोस्टर. यातला आकाशपाळणा आणि सायक्लोन आजही चालू आहेत, तेच, मूळ जागी.

आता मेलं कशाने. तुम्हाला कोणीही सांगेल की लोकांकडे गाड्या आल्या, थिएटरं आणि घरं एसी झाली, टीव्ही आला, लोक लाँग आयलंडच्या जोन्स बीचला जायला लागले. हे खोटं नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही उन्हाळ्यांतही तिथे सुट्टीच्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नसायची, त्यामुळे माणसं यायची बंद झाली म्हणून धंदा मेला हा हिशोब मला कधीच पटलेला नाही.

मला पटतो तो हिशोब आगींचा. कोनी आयलंड सगळं लाकडाचं आणि प्लास्टरचं, त्यामुळे सतत जळायचं. १९०७ मध्ये स्टीपलचेस जळून खाक झालं. दुसऱ्याच दिवशी टिल्यूने पाटी लावली की जळकं पार्क बघायचं तिकीट १० सेंट, आणि पुढे पार्क नव्याने उभं केलं, या वेळी काचेचा आणि लोखंडाचा भलामोठा मंडप. १९११ मध्ये ड्रीमलँड जळालं, ते परत उभं राहिलं नाही. १९४४ मध्ये लूना पार्क जळालं, तेही उभं राहिलं नाही, त्या जागेवर पुढे उंच उंच राहत्या इमारती आल्या. मी नवीन मुलांना शिकवते तेव्हा हेच विचारते, की आग तीच, समुद्र तोच, मग १९०७ ला माणूस राखेवर तिकीट लावतो आणि १९४४ ला कोणी खांबसुद्धा रोवत नाही, मधल्या काळात बदललं काय? तर जमिनीचा भाव कशासाठी आहे ते बदललं. १९०७ ला त्या जमिनीतून जास्तीत जास्त पैसा पाळण्यातून निघत होता. १९४४ ला पैसेवाल्यांना आणि सरकारलाही वाटायला लागलं होतं की इथे घरं बांधली पाहिजेत.

यात रॉबर्ट मोझेस या माणसाचा मोठा हात. शहरातले पूल, हायवे, पार्कं यांच्यावर त्याचा अनेक दशकं शब्द चालला. १९३८ मध्ये तिथला किनारा आणि बोर्डवॉक त्याच्या पार्क खात्याकडे आला. त्याला समुद्रकिनारा हवा होता तो शांत, मोकळा, हवा खायला, कर्णे आणि ओरडणारे विक्रेते त्याला नको होते. युद्धानंतर पश्चिमेच्या बाजूला सरकारी गृहसंकुलांचे टॉवर उभे राहिले, आणि शहरात दुसरीकडून उठवलेली गरीब कुटुंबं तिथे, ट्रेनच्या शेवटच्या स्टेशनच्याही पलीकडे, आणून बसवली गेली. मूळच्या लाकडी बंगल्या पाडायच्या म्हणून रिकाम्या केल्या, त्यातल्या कित्येक वर्षानुवर्षं तशाच पडल्या, जळाल्या. घरं बांधणं चूक नव्हतं हो, घरं लागतातच. पण माणसं आणून बसवली आणि त्यांच्यासाठी काम, दुकानं, दवाखाने हे सगळं नंतर बघू म्हणून ठेवलं.

आणि मग स्टीपलचेस. तीन मोठ्या पार्कांतलं शेवटचं. १९६४ च्या सप्टेंबरात ते बंद झालं, १९६५ मध्ये फ्रेड ट्रम्प या बिल्डरने जागा घेतली, हो, त्याच ट्रम्पचे वडील. त्याला तिथे टॉवर बांधायचे होते. १९६६ मध्ये पाडापाडीच्या वेळी त्याने पार्टी ठेवली आणि पाहुण्यांना विटा दिल्या, त्या काचेच्या मंडपावर फेकायला. वारसा म्हणून ती इमारत वाचवायच्या आत तिचा चुराडा. मला या गोष्टीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची. टॉवरसाठी लागणारा झोनिंगचा बदल त्याला मिळालाच नाही. म्हणजे मंडपही गेला आणि टॉवरही नाही. पुढे शहराने ती जागा विकत घेतली, आणि तिथे काहीतरी धड उभं राहायला २००१ साल उजाडलं, तेव्हा बेसबॉलचं छोटं स्टेडियम झालं. ३५ वर्षं एवढा मोठा प्लॉट समुद्रासमोर जवळजवळ रिकामा.

मी याला वाट बघणारी जमीन म्हणते. ज्यांनी मुंबईत गिरण्यांच्या जमिनींचं झालेलं पाहिलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको. मालकाला वाटतं की आज ना उद्या झोनिंग बदलेल आणि मग आपली चांदी. म्हणून तो पाळणेवाल्याला, टपरीवाल्याला दहा वर्षांचं लीज देत नाही, एकेक वर्षाचं देतो. एक वर्षाच्या लीजवर कोण रंग देणार, कोण नवीन पाळणा आणणार? मग जागा कळकट दिसायला लागते, लोक कमी येतात, आणि मग मालकच शहराकडे जाऊन म्हणतो, बघा, धंदा मेलाय, आता तरी टॉवरची परवानगी द्या.

हे मी कागदावर वाचलेलं सांगत नाहीये. माझ्या सुरुवातीच्या काळात समुद्राकाठच्या अशाच एका गल्लीत, नाव घेत नाही, एका तळणीच्या पदार्थांच्या दुकानदाराची फाइल माझ्याकडे होती. आत गेले तर फ्रायरच्या वरचा धूर ओढणारा पत्रा एका बाजूने लोंबकळत होता आणि तो तारेने पाइपला बांधलेला. मी म्हटलं अहो हे नवीन बसवून घ्या, इन्स्पेक्शनला अडकाल. त्याने ड्रॉवरमधून कोटेशन काढून दाखवलं, आधीच काढून ठेवलेलं होतं, आणि त्याच्याच खाली लीजचा कागद, मुदत पुढच्या मार्चपर्यंत. म्हणाला, हे बसवायचे पैसे निघायला मला तीन उन्हाळे लागतील, माझ्याकडे एक आहे. बाहेरून जाणारा म्हणणार काय घाणेरडं दुकान आहे. तो माणूस घाणेरडा नव्हता हो, रोज संध्याकाळी गरम पाण्याने फरशी घासायचा. त्याच्याकडे फक्त वर्षं नव्हती.

आता परत उभं कसं राहिलं. यात लोक सगळं श्रेय शहराला देतात ते मला पटत नाही, कारण शहर यायच्या आधी वीसपंचवीस वर्षं काही वेडी माणसं तिथे पाय रोवून उभी होती. १९७० च्या दशकात सायक्लोन पाडून मत्स्यालय वाढवायचं चाललं होतं, लोकांनी आरडाओरडा करून तो वाचवला आणि १९७५ पासून अॅस्ट्रोलँड पार्कवाल्यांनी तो चालवायला घेतला. १९८० मध्ये डिक झिगन नावाच्या नाटकवाल्या माणसाने कोनी आयलंड यूएसए ही संस्था काढली, १९८३ पासून ते मर्मेड परेड भरवतात, दर जूनमध्ये लोक जलपऱ्या बनून नाचत जातात. त्याच १९८३ मध्ये डीनो व्हूर्डेरिस यांनी वंडर व्हील विकत घेतलं. हा ग्रीसहून आलेला माणूस पूर्वी तिथेच गाडीवर हॉटडॉग विकायचा, आणि बायकोला लग्नाची मागणी घालताना म्हणाला होता की एक दिवस हा पाळणा तुला घेऊन देईन. पाळणा आजही त्यांच्या घरच्यांकडेच आहे, जमिनीसकट. वाट बघणाऱ्या जमिनींच्या मधोमध एक माणूस ज्याला पाळणा विकायचाच नव्हता, याचा अर्थ किती मोठा आहे ते आमच्या धंद्यातल्या माणसाला पटकन कळतं.

मग १९८८ मध्ये सायक्लोनला आणि १९८९ मध्ये वंडर व्हीलला आणि पॅराशूट जंप या बंद पडलेल्या जुन्या खेळाच्या लोखंडी मनोऱ्याला शहराने वारसा दर्जा दिला. वारसा दर्जा म्हणजे काय, तर पाडायची धमकी संपते. देखभालीचे पैसे त्यातून येत नाहीत, गिऱ्हाईकही येत नाही. पण धमकी संपली की पुढचा विचार करता येतो. सायक्लोनचा रूळ लाकडाच्या थरांवर बसवलेला आहे, तो समुद्राच्या हवेत सतत खराब होतो, हिवाळ्यात सुतारकाम चालतं आणि सीझनमध्ये गेट उघडायच्या आधी माणसं रुळावरून चालत जाऊन बघतात. तुम्ही फेब्रुवारीत गेलात तेव्हा मान वर करून बघितलं असतंत तर गडद रंगाच्या जुन्या फळ्यांत मध्येच पिवळट नवीन फळी कुठे दिसते का ते शोधता आलं असतं. अशी नवी फळी दिसली की मला बरं वाटतं, कोणीतरी पुढच्या वर्षाचा विचार करतंय.

२००० नंतरचं सगळं वेगाने झालं. स्टिलवेल अव्हेन्यूचं स्टेशन नवीन बांधलं, छतावर सोलर पॅनल. त्याचबरोबर थॉर इक्विटीज या कंपनीने पाळण्यांखालच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली, आणि २००८ च्या सप्टेंबरात अॅस्ट्रोलँड बंद पडलं. त्या हिवाळ्यात आम्हा बऱ्याच जणांना वाटलं की झालं, संपलं. २००९ च्या जुलैमध्ये शहराने नवीन झोनिंग मंजूर केलं, आणि त्याच वर्षी थॉरकडून ६.९ एकर जागा ९ कोटी ५६ लाख डॉलरला विकत घेतली. २०१० च्या मे महिन्यात त्या जागेवर नवीन लूना पार्क उघडलं, झॅम्पर्ला या इटालियन पाळणे बनवणाऱ्या कंपनीच्या मंडळींनी चालवलेलं.

किंमत महाग पडली, शहराने फार पैसे दिले अशी टीका तेव्हा झाली आणि त्यात तथ्य आहे. पण मी माझ्या कामावरून सांगते की त्या व्यवहारातली खरी किमती गोष्ट म्हणजे ती जमीन नकाशावर पार्क म्हणून लावली. न्यूयॉर्कमध्ये एकदा जमीन पार्क झाली की महापौर बदलला म्हणून ती बिल्डरला देता येत नाही, त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी लागते. म्हणजे त्या पट्ट्यापुरती जमिनीची वाट बघणं संपली. म्हणून तिथे २०१४ मध्ये नवीन थंडरबोल्ट कोस्टर उभा राहू शकला. जुना थंडरबोल्ट १९८२ ला बंद पडून वर्षानुवर्षं वेलींनी झाकलेला उभा होता, तो २००० मध्ये शहरानेच पाडला होता. त्यामुळे एवढं खात्रीने सांगते की पाळण्यांचा गाभा खरंच जिवंत झालाय, हे नुसतं रंगकाम नाही.

पण पूर्ण चित्र तेवढं गोड नाही. नवीन पार्कातला मोठा भाग एकाच चालकाकडे आहे, पूर्वी तिथे पन्नास छोटे मालक एकमेकांशी भांडत धंदा करायचे, त्यातून जो विचित्रपणा यायचा तो एका कंपनीतून येत नाही. २०१०-११ मध्ये बोर्डवॉकवरच्या बऱ्याच जुन्या दुकानांची लीजं नूतनीकरण न करता संपवली, भांडून भांडून रूबीज हा १९३४ चा बार आणि पॉल्स डॉटर हे खाण्याचं दुकान एवढेच टिकले. आणि तुम्ही बघितलेत ते रिकामे प्लॉट, त्यातले बरेचसे त्या पार्काच्या रेषेच्या बाहेरचे, खाजगी. तिथे अजून वाट बघणंच चालू आहे. अगदी अलीकडे सर्फ अव्हेन्यूच्या बाजूला मोठा कॅसिनो आणायचा प्रस्ताव होता, तो २०२५ मध्ये स्थानिक सल्लागार समितीने मतदान करून नाकारला. म्हणजे प्लॉट परत रिकामाच, पण मला तरीही तो निकाल योग्य वाटला, कारण कॅसिनो गिऱ्हाइकाला आत धरून ठेवायला बांधतात, आणि कोनी आयलंडचं सगळं चालतं ते माणूस खिशात हात घालून बाहेर भटकतो त्यावर. यावर मतभेद असू शकतात. तिथेच राहणारी काही मंडळी बारमाही नोकऱ्या येतील म्हणून त्याच्या बाजूने होती, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

कारण पुनरुज्जीवन कोणासाठी, यावर उत्तर खूप अवलंबून आहे. पर्यटकासाठी, ब्रुकलिनमधल्या कुटुंबासाठी, झालंय. पश्चिमेच्या टॉवरमधल्या माणसासाठी उन्हाळ्यातली चार-पाच महिन्यांची नोकरी म्हणजे तिकिटं फाडणं, बटाटे तळणं, आणि मग ऑक्टोबरनंतर काय? २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा समुद्र आणि मागची खाडी दोन्हीकडून पाणी शिरलं. पाळणे पुढच्या वसंतात फिरायला लागले, नेथन्स मे महिन्यात उघडलं. टॉवरमधल्या लोकांनी मात्र कित्येक आठवडे वीज आणि हीटिंगशिवाय काढले, लिफ्ट बंद, वरच्या मजल्यांवर पाण्याचे कॅन हाताने चढवायचे. मी तेव्हा तिथे चार शनिवार जिने चढत होते. चौदाव्या मजल्यावर एका आजींच्या खिडकीतून पॅराशूट जंपचा मनोरा अगदी समोर दिसायचा. त्या म्हणाल्या, त्याला आधी लाइट लागणार की मला, बघ.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात असं: गर्दी आटल्यामुळे नाही तर जमीन दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत बसल्यामुळे ते मेलं, हट्टी माणसांनी धुगधुगी टिकवली, आणि जेवढ्या जमिनीचं वाट बघणं कायद्याने संपवलं तेवढीच खरी जिवंत झाली. बाकीची अजून व्हायचीय.

आता एक करा, जूनमध्ये परत जा. मुलीकडून जर्सीहून याल तर मॅनहॅटनमध्ये डी, एफ, एन, क्यू यातली कुठलीही ट्रेन धरा आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहा. मर्मेड परेडचा शनिवार मिळाला तर उत्तम, पण गर्दी झेपत नसेल तर आठवड्यातला साधा दिवस बरा. तिथे आत शिरायला तिकीट नाही, ज्या पाळण्यात बसाल त्याचेच पैसे. सायक्लोनमध्ये पाठीचा त्रास असेल तर अजिबात बसू नका, खूप हिसके बसतात. वंडर व्हीलला मात्र बसाच. त्याला २४ डबे आहेत, त्यातले ८ पांढरे आहेत ते स्थिर, बाकीचे १६ रंगीत आहेत ते पाळणा फिरताना आतल्या आत रुळावरून घरंगळत जातात आणि पोटात गोळा येतो. दोन्हींच्या रांगा वेगळ्या असतात, आधी विचारून घ्या. वर पोचलात की समुद्राकडे सगळेच बघतात, तुम्ही एकदा पाठ फिरवून गावाकडे बघा. पार्काची रेष कुठे संपते ते वरून स्पष्ट दिसतं. तिच्या अलीकडे रंगीबेरंगी छपरं, पलीकडे जाळीच्या कुंपणातलं गवत, आणि त्याच्याही मागे ते टॉवर.